लागणे

उबाळे सर आम्हाला व्याकरण शिकवायचे.
आता निवृत्त झाल्यावर झेन शिकवतात,
भूमच्या वाचनालयात, दर गुरुवारी, सात जणांना.
मी आठवा. मागच्या खुर्चीत,
अंगाला दुधाचा वास येतो म्हणून.

वर्तमानात राहा, सर म्हणाले.
मला सातवीचा फळा दिसला,
वर्तमानकाळाचे चार प्रकार,
आणि चौथा आठवेना म्हणून तासभर उभा असलेला मी.

पहाटे मैनुद्दीन कॅन उतरवून गेला.
कढईत वीस लिटर, खाली तुराट्यांचा जाळ,
वर मोटरचं पातं गरगर,
आणि मी मोबाईलवर:
पुण्यातली खोली, दोन मार्कांनी हुकलेली यादी,
कुणाकुणाची बारशी, कुणाकुणाच्या गाड्या.

लाईट गेली.

दूध थांबत नसतं.
उलथनं घेतलं आणि उभा राहिलो.

आपल्याकडे एकाच शब्दाला किती कामं.
डोळा लागतो, ठेच लागते, नाद लागतो,
माझा नंबर लागला नाही,
सरांचं म्हणे ध्यान लागतं.
आणि खवा लागतो, तळाला,
एकदा लागला की सगळी कढई करपट,
कुत्रंही हुंगून पुढं जातं.

म्हणून तळ खरवडत राहिलो.
कडेची साय आत, आतलं बाहेर.
आधी फेस आला, मग बसला.
मग बुडबुडे जड झाले, फुटताना भप्प भप्प करू लागले.
मनगट दुखलं. दुसरा हात.
भिंतीवर जाळाची हललेली सावली,
तिच्यात माझीही एक, उलथनं धरलेली.
रवा धरू लागला.
दाणा, अजून दाणा,
कढईची कड सोडून गोळा मधोमध येऊ लागला
आणि त्यात
पुण्याची खोली कुठं गेली, कळलं नाही.
ती गेली हेसुद्धा आत्ता लिहिताना कळलं.

"काय करलालास?"
दारात कुशावर्ता वहिनी, हातात चहा.
"लाईट येऊन पाव तास झाला की."

वर बल्ब जळत होता.
पातं बाजूला काढून ठेवलेलं, तसंच.

खवा परातीत काढला. चार किलोला थोडा कमी.
उलथन्याला चिकटलेला चिमूटभर जिभेवर ठेवला.
गोड म्हणता येणार नाही,
साखर अजून पडायची आहे.
पण गरम होता,
आणि तोंडात होता.