बहात्तरावा हिस्सा

डब्यात बेचाळीस भाग निघाले.
पंख, शेपूट, रसायनाची टाकी,
पायलटची खुर्ची, तीही ओबडधोबड.
टाकीच्या मागे मेकॅनिकची जागा असते.
तिथे नुसती पोकळी.
डबा बनवणाऱ्याला वाटलं असेल,
तिथे कोण बसतंय?

मी बसायचो. एकोणीस वर्षं.
मोरावियातल्या बीटच्या शेतांवर
आमचं विमान फवारत हिंडायचं.
नाव च्मेलाक, म्हणजे भुंगा,
आणि आवाजही तसाच.
एका सहकारी शेतावरून दुसऱ्यावर जाताना
मी टाकीमागे अंग चोरून,
मांडीवर पान्यांची पिशवी,
दातांत पांढरी भुकटी.

आता म्हातारपणी भागाकार करतो.
खुर्ची पंचेचाळीस सेंटिमीटर, भागिले बहात्तर:
सव्वासहा मिलिमीटर.
पत्रा पाऊण मिलिमीटरचा होता,
त्याला बहात्तराने भागलं की उरते
रविवारच्या बदकावर झाकायची फॉइल.
मी स्वतः चोवीस मिलिमीटर.
भुकटीचा वास मात्र भागला जात नाही.

खुर्चीच्या नळ्यांसाठी
डब्यातली फेकायची काडी मेणबत्तीवर धरायची.
आधी काहीच होत नाही.
मग ती चमकते,
मग ओढायची, श्वास धरून.
घाई केली तर तुटते, रेंगाळलं तर जळते,
मधल्या एका क्षणात तिची तार होते.
चार खुर्च्या वाया गेल्या.
पाचवी शिंकेसरशी उडाली,
ती अजून गालिच्यात आहे.

नातू क्रिश्तोफ म्हणाला,
"दोन्ही बाजू चिकटवल्या की
ही दिसणार कुणाला?"
"कुणालाच नाही."
"मग?"
मी सहावी खुर्ची चिमट्यात धरली होती.
अशा वेळी बोलायचं नसतं.

बोललो असतो तर हे सांगितलं असतं:
एकोणऐंशीच्या जूनमध्ये यार्मिलाला
आपल्या घराचं छप्पर वरून बघायचं होतं.
बाकी काही नाही. छप्पर.
ओल्द्रिखला आलुबुखाराच्या दारूची बाटली दिली,
नोंदवहीत काही लिहिलं नाही.
ती माझ्या जागेवर, नाकाला रुमाल,
मी गवतात उभा, रिकाम्या हातांनी.
त्या विमानाच्या पोटाखाली आयुष्य गेलेलं,
तरी त्या दिवशी पहिल्यांदाच
हात लांब करून आकाशात मापलं:
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत,
वीतभरही भरेना.
टेबलावरचं आज तेवढंच भरतं.

उतरल्यावर ती म्हणाली,
"कोंबड्यांच्या खुराड्याला डांबर लावायला झालंय."
लावलं मी, त्याच आठवड्यात.

काल धड मिटवलं.
दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून आणले,
रात्रभर आवळून ठेवलं.
सकाळी यार्मिला आपले चिमटे मागायला आली.
माझं भिंग उचललं,
तांदळाएवढ्या मागच्या खिडकीला डोळा लावला,
आणि बराच वेळ काही बोलली नाही.
मला वाटलं, आता डोळे भरून येतील.

"बक्कल चुकलंय," ती म्हणाली.
"बक्कल नव्हतंच. तुटलेलं होतं.
तू मला दोरीने बांधलंस. पांढऱ्या.
दोन गाठी मारल्यास, दुसरी फार घट्ट."
चिमटे मोजून घेतले आणि गेली.

मला दोरी आठवत नव्हती.
बक्कल करायला मी दोन रात्री
डोळ्यांत तेल घालून बसलो होतो.

मग काय, पातं घेतलं,
शिवणीवर टेकवलं,
भुंगा पुन्हा उघडला.
न्हाणीघरात तिचा कंगवा होता.
त्यातला एक केस मोजला,
सात शतांश मिलिमीटर, गुणिले बहात्तर:
पाच मिलिमीटर.
दोरी तेवढीच असणार.

दोन गाठी मारल्या, दुसरी जरा सैल.
रंग द्यावा लागला नाही.