हात पोचत नाही तिथं

डांबरच्या कानात सात निघाले,
आठवा पट्ट्याखाली,
एरंडीच्या बीसारखा टरारलेला.
मिठाच्या पाण्याची वाटी मांडीशी घेऊन
मी दारात बसलेय, आणि कुत्रं
माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकून
जांबोटीच्या रस्त्यावरचे ट्रक मोजतंय.

शेजारची निंगव्वा म्हणते उण्णी,
आम्ही म्हणतो गोचीड.
नावावरून आमचं कधी भांडण नाही,
औषधावरून रोज.
तिचं करंजेल, तिचा कडुनिंबाचा उकळलेला पाला.
इनास कंपाउंडर सांगून गेला,
रॉकेल नको, काडीचा चटका नको,
"चिडला की पोटातलं आत ओकतो तो."
निपाणीहून दिरानं एकदा तंबाखूचा चुरा आणलेला;
त्या पाण्यानं धुतलेलं वासरू
दिवसभर लाळ गाळत उभं.
तो डबा माळ्यावर आहे, तोंड बांधून.
गोठ्याच्या भेगा मात्र मी चुन्यानं बुजवल्या,
कोंबड्या मोकळ्या सोडल्या.
एक लंगडी तलंग
म्हशीच्या पोटाखाली शिरून असं नेमकं टिपते
की तिला पगार द्यावा.

मंगळवारपासून हे माझ्याशी बोलत नाहीत.
खानापूरला पार्लरच्या क्लासला मी चार हजार भरले.
"भुवया उपटायला?" म्हणाले.
मीपण काहीतरी म्हणाले.
जाऊ दे.

आज कणकुंबीकडनं आले, जळणाचा भारा टाकला,
उभ्या उभ्या तांब्या रिकामा केला
आणि खांबाला पाठ घासत राहिले.
मी बघितलं नाही.
मग कुत्र्याला सांगितल्यासारखं:
"कायतरी चिकटलंय गा डांबर. हात पोचंना."

सदरा वर केला. खवाट्याच्या खाली,
तिळाएवढा, तोंड रुतवून.
क्लासची पेटी काढली.
तिरक्या टोकाचा चिमटा,
अजून एकही भुवई न बघितलेला.
कातडीला लागून धरायचं,
पिरगळायचं नाही, घाई नाही,
सरळ वर.

"आलं काय?"
"आलं. तोंडासकट."

वाटीत नववा.
साबणानं जागा धुतली,
कॅलेंडरवर तारखेभोवती गोल केला,
ताप आलाच तर दवाखान्यात दाखवायला.
गोलाशेजारी काय लिहावं सुचेना,
नुसतं "पाठ" लिहिलं.

सदरा त्यांनी अजून खाली घेतला नव्हता.
"बघ की नीट," म्हणाले, "असतील आणि."

नव्हते.
मी बघत राहिले.