दोन बोटं फट

कामातातल्या आमच्या न्हाणीघराचं पाणी काळं आहे.
जमिनीतूनच तसं येतं, फार उकळलेल्या चहासारखं.
गुडघ्याखालचे पाय दिसत नाहीत.
नवखा माणूस आधी कचरतो, मग गळ्यापर्यंत बसतो
आणि उठायचं नाव घेत नाही.

एक बाजू पुरुषांची, एक बायकांची,
मधे भिंत, छतापर्यंत न पोचलेली.
दोन्ही दारांच्या मधोमध उंच बैठकीवर मी.
सुटे पैसे घेते, साबण देते,
दोन्हीकडचं ऐकते.
पगारात हे धरलेलं नाही.

शुक्रवारी भिंतीवरून भांडण आलं.
आदल्या मध्यरात्री त्या ॲनिमेचा शेवटचा भाग झाला होता.
शाळेतली समुपदेशक बाई, आणि एक मुलगी,
जी म्हणते, माझ्या कपाटात कोणीतरी झोपतं.
बारा भाग, तीन प्रेतं,
आणि शेवटी कपाटाचं सरकतं दार
दोन बोटं उघडतं.
संपलं.

"फसवणूक आहे ही!" छापखान्यातला उशिओदा,
डोक्यावर ओल्या टॉवेलची घडी.
"तीन महिने गुरुवारची झोप घालवली,
सकाळी सहाला मशीनवर उभा राहिलो,
आणि हे मला दार दाखवतात!"

पलीकडून त्याची बायको, नामिए:
"आत कोणी नव्हतंच. पहिल्या भागात आई जेवण वाढते,
वाट्या मोज. दोन."
"तीन!"
"दोन!"
"तू तेव्हा इस्त्री करत होतीस."
"म्हणून तर नीट बघितलं."

विद्यार्थी तोगावा म्हणाला, मी चारदा पाहिलंय,
आरशातलं घड्याळ उलटं चालतं,
ज्यांना ते दिसत नाही त्यांनी बोलू नये.
कोणीतरी बादली आपटली.
एक्याऐंशीच्या हात्सुएबाई पाण्यातूनच म्हणाल्या,
"एकटं वाटतं एवढंच सांगायचं होतं ना?
एक प्रेत पुरलं असतं."

मग मिनोबे. तो सहाव्या भागाला थांबला.
चौथीतल्या मुलीनं दाराआडून थोडं पाहिलं,
आणि दुसऱ्या दिवशी कपाटात
दोन गाद्या, दप्तर, आजोबांचा पंखा,
सगळं कोंबून भरलं.
"आता आत कोणी मावणार नाही," म्हणाली.
अशा गोष्टी दाखवूच नयेत, मिनोबे म्हणाला,
आणि भिंतीच्या दोन्हीकडे
थोडा वेळ नुसता नळ वाहत राहिला.

नागो चोवीस तास चालणाऱ्या दुकानात रात्रपाळी करते,
सहसा कोणाशी बोलत नाही.
केस वाळवता वाळवता
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"मला तो सहावा भाग पाहूनच झोप लागली.
त्या बाईंनी कपाट उघडून नाही बघितलं.
आधी मुलीचं खरं मानलं."
केस वाळवायच्या यंत्राचे वीस येन
मी तिच्याकडून घेतले नाहीत.

"हिसानो-सान, तुमचं काय?" खालून कोणीतरी विचारलं.
मी नाही पाहिलं, म्हणाले.
पाहिलंय. बाराच्या बारा, आवाज बंद करून,
पलीकडे सासूबाई झोपतात म्हणून.
आवाज नसला की भीती जाते.
माणसं एकमेकांसमोर बसून तोंडं हलवतात,
आणि कोणाचं कोणाला पोचत नाही.
माझ्यापुरती ती एवढीच गोष्ट.
हे उशिओदाला सांगून काय उपयोग.

दुसरं पर्व एप्रिलात येणार म्हणे.
"मी तर बघणार नाही," उशिओदा म्हणाला,
आणि किती वाजता लागणार ते विचारलं.
नामिए पुढे, तो दोन पावलं मागे,
रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं:
दोन. तीन. दोन.

साडेबाराला मी पाणी सोडते.
काळं पाणी गुरगुरत खाली जातं
आणि तळ उघडा पडतो:
फिकट निळ्या फरशा, केसांची एक पिन.
एवढंच असतं रोज.
तरी मी रोज वाकून बघते.

चौतीस नंबरच्या लॉकरचं दार नीट बसत नाही.
लोटलं की हळूच परत येतं.
आज तीनदा लोटलं.
सुताराला पुन्हा फोन करायला हवा.