सत्तावन्न फूट

काउंटरवर दोन ठेवले.
एक साधा, बाराशेचा, परीक्षेत चालतो.
दुसरा आलेख काढतो, नऊ हजार,
पेपरला बाहेर ठेवायला लावतात.

नसीमा मुजावर म्हणाली, बघू तरी.
समीकरण नाही, नुसते आकडे टाकत गेली:
चाळीस. पंचेचाळीस. बावन्न.
आयर्विन पुलाचे फूट ते,
एकोणीसच्या ऑगस्टातले, तिला पाठ.

इवल्या पडद्यावर रेघ चढली,
सत्तावन्नला घुटमळली,
मग उतरली, चढली त्याहून सावकाश.

मी मागच्या भिंतीवर बोट ठेवलं,
रंगाचे तीन हात मारूनही
ओल दिसते तिथं.
"इथवर होतं."

तिनं साधाच घेतला.

रात्री खोक्यात घालण्याआधी
दुसरा चालू करून पाहिला.
रेघ तशीच.
पुसायचं बटण कुठलं,
मला ठाऊक नाही.