मोजता न येणारी नामे

कुताइसीत, रिओनी नदीच्या अलीकडच्या काठाला,
बूट शिवणाऱ्याच्या डोक्यावर माझा वर्ग.
सात खुर्च्या, एका पायाला पुठ्ठा लावलेले टेबल,
खालून येणारा ठोक ठोक आवाज.
दर मंगळवारी, संध्याकाळी सातला,
आम्ही इंग्रजीच्या मागे लागतो.

आज धडा एकोणीस.
मी फळ्याच्या मधोमध रेघ मारली.
डावीकडे, मोजता येणारी नामे: सफरचंद, खुर्ची, मूल.
उजवीकडे, न येणारी: पाणी, मीठ, बातमी, सल्ला, पैसा.

"पैसा मोजता येत नाही?"
गुराम मिनीबस चालवतो. बोटांना अजून चिल्लरीचा वास.
"मग मी दिवसभर करतो काय?"
लामझिरा म्हणाली, तुझा मोजण्याइतका नसतोच.
नाणी मोजता येतात, मी सांगितले,
नोटाही येतात. पैसा नाही.
हे मला स्वतःला पटते का,
विचारू नका.

त्सियाला नेहमी उशिरा येते,
भुवयांवर पीठ, कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग.
मातीच्या भट्टीत कमरेपर्यंत वाकायचे
आणि आतल्या भिंतीला कणकेचा लांबट गोळा थापायचा,
तीस वर्षे हेच.

"ब्रेड," मी म्हणाले, "उजवीकडे."

तिने पेन खाली ठेवले.
"आज पहाटेपासून शंभर, वर चार विसा, वर चार.
एकेक माझ्या हातातून गेलाय.
आणि तुमचं पुस्तक म्हणतं, मोजता येत नाही?"

काय सांगू?
आमची मोजणी विसाविसाने चालते,
आणि आकड्यापुढे आमचे नाम एकवचनीच राहते:
शंभर माणूस, तीन पाव.
आकडा सांगून झाला,
आता शब्दाला शेपटी कशाला?
इंग्रजीला मात्र शेपटी लागते,
आणि जिथे आम्ही खुशाल लावू
तिथे चालत नाही.

पण त्यांनीही तोडगा काढून ठेवलाय:
मीठ मोजू नका, चिमूट मोजा.
पाणी मोजू नका, घोट मोजा.
चिमूटभर, घोटभर, ओंजळभर, घटकाभर,
न मोजता येणाऱ्याला
काहीतरी भांडे द्या.
गृहपाठ दिला: रिकाम्या जागा भरा.

पुढच्या मंगळवारी वह्या आल्या.
गुराम: अ बस ऑफ मनी.
(खोडून: अ पॉकेट. तेही खोडून.)
लामझिरा दवाखान्यात नर्स. तिचे:
अ स्पून ऑफ अ‍ॅडव्हाइस,
कंसात, जेवणानंतर, दिवसातून तीनदा.

त्सियालाच्या वहीची पाने तेलकट, पारदर्शक झालेली,
मागच्या पानाचे भूतकाळ पुढच्या पानावर दिसतात.
तिथे लिहिले होते:
अ ब्रेड ऑफ न्यूज.

पीस, मी म्हणाले. अ पीस ऑफ न्यूज.
बातमीचा तुकडा असतो.

"तुकडा नाही," ती म्हणाली.
"पोरगा आयर्लंडला मासळीच्या कारखान्यात.
रविवारी फोन करतो.
फोन वाजला की मी एक पाव भिंतीला लावते.
तिथे जेवण बरं, थंडी आहे, काम आहे,
आई, ठेवतो.
तोवर पावाला रंग चढतो.
तेवढीच बातमी.
एक पावभर."

मी लाल पेन उघडले होते.
खाली बूटवाल्याने बहुधा खिळा चुकीचा ठोकला,
शिवी स्वच्छ वर आली.

"दुसरा पाव कधी लागलाच नाही," ती म्हणाली,
"पण मार्चात एकदा करपला.
इतका वेळ बोलत होता."

कोणी काही बोलेना.
मग गुरामने, हिशेबाचा माणूस तो,
हळूच विचारले:
"करपलेला धरायचा, की नाही?"

त्सियालाने वही मिटली.
"तो मी खाल्ला."