जिन्यातल्या रेघा

करेलीबागेत आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात
टिपणीसकाका रेघा मारायचे.
हयात वीजखात्यात मीटर वाचण्यात गेलेली,
त्यामुळे आकडा दिसला की टिपायचा, एवढंच.
विश्वामित्री येऊन, राहून, परत निघाली
की भिंत ओली असतानाच
कानावरची पेन्सिल काढून
पाणी जिथवर चढलं तिथे रेघ ओढत.

साल लिहीत नसत.
लिहीत : 'सुलभाच्या साखरपुड्याचं पाणी.'
'हसमुखभाईंची नवी लॅम्ब्रेटा बुडाली ते.'
'दूध तीन दिवस नाही. चहा काळा.'
सगळ्यांत वरची, सातव्या पायरीशी :
'निरुबेन.'
पुढे काही नाही.

त्या रेघांवरून आमचं पाठांतर झालेलं.
तिसरी पायरी भिजली, पिठाचे डबे वर.
चौथी, गाद्या, चोपड्या, देव.
पाचवी, तळमजल्यावर जो कोणी म्हातारा असेल
त्याला खुर्चीसकट उचलायचा,
नको म्हणाला तरी.
निरुबेन नको म्हणाल्या होत्या.

मग काका गेले.
रंगकामाची मीटिंग गच्चीवर, थंडीत,
वाफाळता खिचू खात.
सेक्रेटरी म्हणाला, इथे पूर येतो
असं भिंतीवर लिहून फ्लॅट कोण विकतं?
हात वर करा.
मी केला.
मलाही विकायचाच होता.
छोटा उदेपूरचा रंगारी, कोवळं पोर,
ब्रश थांबवून म्हणाला,
हे राहू देऊ का?
मी म्हटलं, मार.
क्रीम डिस्टेंपर. दोन हात.

नऊ वर्षं नदी पुलाखालीच राहिली.
फ्लॅट काही विकला गेला नाही.
नवे लोक आले, त्यांना नदी म्हणजे
नाक दाबून ओलांडायची गोष्ट.

मगरीला मात्र आठवत होतं.
यंदा पाणी चढायच्या आदल्या रात्री
ती पार्किंगमध्ये आली.
तिथे पूर्वी कांस होती, बुजवलेली.
दोन ॲक्टिव्हांच्या मधे
माहेरी आल्यासारखी निवांत पडून राहिली.
वनखात्यानं तिला दोरानं बांधून नेलं.
आम्ही व्हिडिओ काढले.

पहाटे तीनला पाणी.
तळमजल्यावर बरौनीहून आलेले झा,
त्यांचे सासरे लकव्यानं अंथरुणाला.
झा जिन्यात उभा, गुडघ्यापर्यंत,
सगळ्यांना एकच विचारतोय : अजून किती?
आणि भिंत कोरी. क्रीम.
मी स्वतःच विसरलो होतो,
चौथीला उचलायचं की पाचवीला की सहावीला.
चावीनं खरवडायला लागलो.
डिस्टेंपर निघालं, चुना निघाला,
नखात गेला, रक्त आलं,
मोबाईलच्या उजेडात पेन्सिल दिसली :
'निरु'

एवढं पुरलं.
चौघांनी खुर्ची धरली.
म्हातारा नको नको म्हणत होता,
मैथिलीत शिव्या देत होता,
वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत देत होता.

पाणी आठवीला थांबलं.
काकांच्या सगळ्या रेघांच्या वर.
म्हणजे काकांनाही हे ठाऊक नव्हतं.
त्यांना फक्त झालेलं ठाऊक होतं.

चार दिवसांनी चिखल उपसताना
झांची मुलगी कंपासपेटीतली पेन्सिल घेऊन आली,
स्टुलावर चढली, रेघ ओढली.
वाकडी. म्हणाली, अंकल, क्या लिखूँ?
तारीख ओठांवर आली होती.
म्हटलं, लिही,
'हात वर केला होता ते पाणी.'
किसने?
मी नाव सांगितलं.
ळ तिला येईना.
'ढवले' लिहिलं.
राहू दिलं.