वेलांटी

सड्यावरचं आमचं देऊळ म्हणजे
एक पांढरी खोली, बारा बाकं, एक मेज.
क्रूस आहे, पण रिकामा;
शेजारी गीतांचे आकडे लावायची पाटी,
तिच्यातला सात नेहमी उलटा.

एर्मेलिंदा मला तिच्या इगर्जीत न्यायची.
तिथे गाल फुगवलेले सोनेरी देवदूत,
खांबांना पीळ, पिळांना द्राक्षं,
मेणबत्त्यांच्या धुरानं पिवळी पडलेली लेस.
घरी येऊन विचारलं, आपल्याकडे का नाही?
अप्पा गोदीतून नुकते आलेले, हात ग्रीसचे.
म्हणाले, आपल्याकडे शब्द आहे.
एवढंच म्हणाले. आणि साबण मागितला.

तो शब्द भिंतीवर लिहायचं ठरलं
तेव्हा पंचांनी पुंडलिक हरमलकरला बोलावलं.
खारीवाड्याच्या जेटीवर तो ट्रॉलरांना नावं घालायचा.
पंच म्हणाले, साधं लिही. काळा रंग.
फूल नको, पान नको, मासा तर नकोच.
त्यानं मान डोलावली, सुतळीला खडू चोळला,
आणि शिरोरेषा मारली
समुद्राच्या कडेसारखी सरळ.

रविवारी सगळे उभे राहिले ते बघतच राहिले.
'प्रीती'तल्या शेवटच्या वेलांटीला
खाली येता येता राहवलं नव्हतं.
पाय टेकायच्या जागी ती वळली होती,
वळून तिला तणावा फुटला होता,
तणाव्याला दोन पानं.

थोरले पंच शलमोन भांबळ चष्मा पुसून म्हणाले, हे काय?
पुंडलिकानं ब्रश रॉकेलात बुडवला.
"तिका वेलांटी म्हणटात न्ही?
मगीर वेल येतलोच."

दोन पानांवर तीन सभा झाल्या.
कुणी दुसरी आज्ञा काढली, कुणी योहानाचा पंधरावा अध्याय.
रणनवरेबाई म्हणाल्या, राहू द्या,
पोरं तेवढीच वर बघतात.
अप्पा तिन्ही सभांत गप्प.
मत घ्यायची वेळ आली तेव्हा
त्यांनी पुसण्याच्या बाजूनं हात वर केला,
आणि डिस्टेंपरचा डबाही त्यांनीच उघडला.
दोन हात द्यायचे ठरले होते.

ते मी त्यांना पुष्कळ वर्षं माफ केलं नाही.

पण ऑइलपेंट जाड असतो, त्याला कड असते.
खाली बंदरात खनिजाचे ढीग,
बार्जी रित्या व्हायच्या आणि तांबडी धूळ
वाऱ्याबरोबर सडा चढायची;
वाळत घातलेल्या गाद्यांवर, दह्याच्या सायीवर,
प्रभुभोजनाच्या पांढऱ्या रुमालावर.
ती त्या कडेवरही बसू लागली.
चार वाजताचं ऊन तिरपं शिरलं की
डिस्टेंपरखालून वेल यायचा, तांबडा,
आधी देठ, मग एक पान.
कुणी काही म्हणालं नाही.
भांबळ प्रार्थनेला डोळे मिटायचे,
जरा उशिरा मिटायचे.

खाणी बंद पडल्या त्या वर्षी वेल वाळला.
एर्मेलिंदाचा भाऊ बार्ज विकून कतारला गेला.
आमचीही चार बाकं रिकामी झाली.
अप्पा म्हणाले, भिंत आता स्वच्छ दिसते.
म्हणताना खूश दिसले नाहीत.

आता शनिवारची झाडलोट माझ्याकडे.
मेज पुसते, पाटी पुसते,
सात सरळ करते, तो उलटतो.
'ती'पाशी आले की फडकं बादलीत टाकते.
अप्पांना पुरून आले त्या संध्याकाळी मात्र
मी स्टूल घेऊन चढले, अगदी जवळून पाहिलं.
सगळ्या भिंतीला दोन हात आहेत.
वेलावर एकच.

की तिथवर येईतो डबा संपला असेल.